टोक

नागदेवी स्ट्रीटवर, दुपारी साडेतीनला,
दुकानदार म्हणाला, मावशी, किचनसाठी ना?
आणि पुढ्यात मांडली
फुलाफुलांच्या मुठीची सहा भावंडं.

म्हटलं, घरात माझं विळीवर भागतं.
हा हवाय चारकोपच्या खाजणात.
तिवरांच्या मुळांना जाळी गुंडाळते,
नायलॉनची दोरी, गाद्यांची खोळ, कुठल्या तरी मांडवाची झालर.
भरती आणून टाकते. आम्ही पाच बायका कापून काढतो.
चिखल गुडघ्याच्या वर.
कसला चिखल ते दुकानात बसून सांगत नाही.

तो हसला नाही.
तेवढ्यावर मी स्टूल ओढलं.

पहिला काढला मखमलीच्या डबीतून.
परदेशी, म्हणाला, किंमत नंतर बोलू.
पात्यात मला माझे दात दिसले.
सोन्याची सुरी म्हणून काय उरात खुपसून घ्यायची?
ठेवा तो, म्हटलं, पुसून ठेवा.

दुसरा काळा, जड, धार अशी
की नखावर टेकवला तर घसरेना.
मन गेलं त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.
पण चांगुणाकडे तसलाच होता.
शनिवारी कोरडा करून ठेवला,
सोमवारी अंगभर तांबडी पुरळ.
खारं पाणी लोखंड खातं,
आणि खाताना धारेपासून सुरुवात करतं.

तिसऱ्याची मूठ शिसवाची.
लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकतं,
मग रिबिटा खुळखुळतात हलत्या दातांसारख्या.
चौथ्याला उचलून विचारलं,
पातं मुठीत कुठवर गेलंय?
त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं माझ्याकडे.
शेवटपर्यंत, म्हणाला, आणि पालथा करून
मुठीच्या बुडाशी चमकणारं पोलाद दाखवलं.

गंज न धरणारं. मूठ रबराची, भगभगीत नारिंगी.
दिसायला अगदी खेळण्यातला.
पण चिखलात पडलेली काळी मूठ
कुणाला सापडलीय का आजवर?
फ्लोरीचे दोन गेलेत तसे. खाडी परत देत नाही.

मग मी पिशवीतून दुधाची थैली काढली.
सकाळचा चिखल, गाठ मारून आणलेला.
शेजारचं गिऱ्हाईक नाक धरून फुटपाथवर गेलं.
हाताला फासला, सुरी धरली,
बरोबर आणलेली ओली दोरी त्यालाच दुसऱ्या टोकाला धरायला लावली.
एक ओढ. दुसरी. तिसऱ्या ओढीला तुटली
आणि मूठ हातात फिरली नाही.

हाच, म्हटलं. आता याचं टोक कापून द्या.

मावशी! तो उभाच राहिला.
टोकासाठी तर लोक पैसे मोजतात.
असतील. आमच्याकडे तिवराची मुळं
चिखलातून वर श्वास घ्यायला येतात, बोटाएवढी,
आणि जाळ्याच्या खाली काहीच दिसत नाही.
कुठे मूळ, कुठे देवकाबाईचा पाय.
टोक आंधळं असतं हो. त्याला समोर येईल ते टोचायचं एवढंच कळतं.

मागच्या गल्लीत एका पोऱ्यानं ग्राइंडर लावला.
पाणी मारत काप, मी ओरडले,
पातं निळं पडलं तर घेणार नाही!
त्यानं निमूट पेल्यातलं पाणी ओतलं.
ठिणग्या माझ्या चपलेपर्यंत आल्या.

सुरीचे साडेनऊशे, कापायचे पन्नास.
पाच जणींचे दोन-दोनशे, गोल गुंडाळी, रबर लावलेली.
त्यानं मोजले नाहीत. मीच मोजायला लावले.

उद्या ओहोटी सव्वासहाला.
सुरी कुणाच्या घरी राहणार यावरून
आज रात्री फोनवर भांडण होईल, ते होऊ दे.

निघताना पोरगा धावत आला,
तळहातावर पोलादाचा तो त्रिकोण, नखाएवढा,
अजून कोमट.
हे फेकू?
फेकतोस काय, म्हटलं,
याचेही पैसे दिलेत.
कागदात गुंडाळून कमरेला खोचला.
कशाला, ते विचारू नका.